काकांचा कान आणि माझा पंप

लांब पेचकसाचं टोक नळाच्या पाइपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मोकळा हात वर करून अख्ख्या गल्लीला गप्प करायचं. "थांब. बोलू दे त्याले." आमच्या काकांची आठवण निघाली की मला आधी तो वर केलेला हात दिसतो आणि मग, जरा वेळाने, काका.

'त्याले' म्हणजे पाइपाला. माणसांना बोलू देण्याच्या बाबतीत काका एवढे उदार नव्हते. ते समोरून येताना दिसत तेव्हाच त्यांचं बोलणं सुरू झालेलं असे आणि पाठमोरे झाले तरी ते थांबत नसे. तुम्ही मध्येच 'पण काका' एवढं घुसवलंत तर ते "बरोब्बर" म्हणत आणि पुढे जात. तुम्ही काय म्हणणार होतात हे त्यांना ठाऊक नसायचं, पण ते बरोबरच असणार याची खात्री असायची. मला तो त्यांचा मोठेपणा वाटे. त्यामागचं खरं कारण कळायला माझं मशीन तापावं लागलं.

काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. यवतमाळात नळाला पाणी कधी येईल हे कोणी छातीठोक सांगत नाही. त्यामुळे आलेलं पाणी रस्त्याखाली कुठे मुरतंय हे सांगणाऱ्याला मान असतो. काकांनी नोकरीभर तेच केलं. भर रस्त्यात उकिडवे बसायचे, पेचकस टेकवायचे आणि म्हणायचे, "इथं खोदा." लोक खोदायचे. बहुतेक वेळा खाली फुटका जोड सापडायचा. एकदा टेलिफोनची केबल सापडली आणि अर्ध्या भागाचे फोन बंद पडले. काका खड्ड्यात डोकावून म्हणाले, "पाणी इथंच होतं. तुमी येईपर्यंत सरकलं."

रस्त्यातलं ते उकिडवं बसणं सोडलं तर काकांना बसता येत नसे. चहा उभ्याने, पेपर चालता चालता. न्हाव्याकडे गेले तर न्हावी त्यांच्याभोवती फिरे, आणि काका खुर्चीतल्या खुर्चीत न्हाव्याभोवती. निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या पायांना कामच राहिलं नाही. मग ते सकाळ-संध्याकाळ गल्लीतल्या प्रत्येक घराच्या नळाशी हजेरी लावत. वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. खाली रस्त्याकडच्या खोलीत माझं मिक्सिंगचं दुकान होतं. म्हणजे त्यांच्या फेऱ्यांतला पहिला थांबा मी, आणि शेवटचाही मीच.

मिक्सिंग म्हणजे काय, तर लोक लग्नाची शूटिंग करून आणतात. तिची काटछाट करायची, गाणी घालायची, नवरा-नवरीला ढगांतून उतरवायचं आणि ज्या मामांनी पैशांवरून भांडण केलं त्यांना गाळायचं. हंगाम ऐन उन्हाळ्यातला. माझं जुनं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, एका लग्नाला तीन-तीन दिवस घ्यायचं, म्हणून मी नवं जोडायला घेतलं. 'जोडायला घेतलं' हे शब्द मी आजही जपून वापरतो. दुकानदार म्हणाला होता, आमचा माणूस फिट करून देईल. मी म्हणालो, गरज नाही. मी मोबाइलवर सगळं पाहून ठेवलं होतं. पाहून ठेवणं आणि येणं यांत फरक असतो, हे मला पोहण्याच्या बाबतीत लहानपणीच कळलं होतं, पण माणूस सगळं लक्षात ठेवत नाही.

त्यात मी घेतलं पाण्याने थंड होणारं मशीन. आपल्याकडचं ऊन पाहता हेच बरं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मला त्यातले निळे दिवे आवडले होते. रचना साधी असते. मशीनचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, त्याच्या डोक्यावर पंपाचं एक गोल डबडं बसवायचं. त्यातून दोन रबरी नळ्या निघतात. नळ्यांतलं पाणी प्रोसेसरची आग घेऊन रेडिएटरात जातं, तिथले पंखे ते गार करतात आणि ते परत फिरतं. ट्रकात असतं तसंच, फक्त लहान. काकूंनी ते पाहिलं तेव्हा त्यांना एकच काळजी पडली. "बाबू, ह्याच्यात रोज पाणी भरा लागते का? घरच्या कूलरलेच पुरून नाही राह्यलं." मी म्हणालो, भरावं लागत नाही, आतलं पाणी आतच फिरतं. काकू म्हणाल्या, "मंग बरं आहे. ह्यांच्यासारखं."

मशीन सुरू झालं, दिवे लागले, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले आणि मारेगावच्या लग्नाचं काम लावलं. नवरी हार घेऊन मांडवात निघाली. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसत होता, तो तिच्यासोबत चालायला लागला. ती अर्ध्यात आली तेव्हा आकडा शंभराशी येऊन टेकला आणि पडदा काळा झाला. मशीन स्वतःहून बंद. पुन्हा लावलं. नवरी पुन्हा निघाली, पुन्हा तिथेच काळोख. त्या आठवड्यात ती बिचारी किती वेळा निघाली असेल देव जाणे, पण नवरदेवापर्यंत काही पोचली नाही. नवरदेवाचा भाऊ रोज फोन करायचा. मी सांगायचो, होऊन राह्यलं, हार तेवढे बाकी आहेत.

मी काय काय उपाय केले ते सगळे सांगत नाही. दोन सांगतो. रेडिएटरचे पंखे उलटे लावून पाहिले. त्यातला एकच उलटला गेला आणि अख्खा दिवस ते एकमेकांच्या कामावर पाणी फिरवत होते. मग मी काकूंचा कूलर खाली आणला आणि त्याचं तोंड मशीनकडे केलं. आपल्याकडच्या कूलरची हवा कशी असते तुम्हाला माहीत आहे. थोड्या वेळात मशीनच्या काचेवर दव पडलं, खोलीला ओल्या गवताचा वास सुटला आणि कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या. काकूंनी कूलर परत वर नेला.

याच दिवसांत वर दुसरीच उष्णता वाढत होती. काकांची मुलगी नागपूरला असते. जावयाच्या छातीत दुखलं म्हणून त्याला दवाखान्यात नेलं, आणि तिने तिथून फोन केला. काकू शेजारी गेल्या होत्या, फोन काकांनी उचलला. तिचं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "छान, छान. या मग सुट्टीत." जावई दोन दिवसांत घरी आला. दुखणं साधं निघालं. पण मुलीचं ते 'छान' काही केल्या पचेना. तिने कानाच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घेऊन टाकली. तपासणी करायची आणि कानाला मशीन लावायचं. काकूंचाही तोच हट्ट.

काका ऐकेनात. या वेळी खरोखरच ऐकेनात. "नोकरीतून रिटायर झालो, कानातून नाही झालो," म्हणायचे. फोनात खरखर होती, गल्लीत बारात होती, पोरगी हळू बोलते, अशी कारणं द्यायचे आणि ती देताना जिना चढायचे, उतरायचे. आता विचार करा, ज्या माणसाचं नाव गावात कानामुळे झालं त्याच्याच कानामागे यंत्र लटकवायचं. 'ऐकून सांगणारे साहेब' ही त्यांची ओळख. ती गेली तर मागे उरणार काय, तर नुसता पेचकस.

शर्त लागली ती माझ्या दुकानात. काकू दारात उभ्या राहून सोमवारच्या गाडीचं बोलत होत्या, काका आतल्या आत फेऱ्या मारत होते आणि मी मध्ये काळा पडदा घेऊन बसलो होतो. काका एकदम थांबले.

"याच्यात पाणी फिरते ना?"

"हो काका."

"मंग मी सांगतो काय झालं थे."

काकूंनी संधी सोडली नाही. "सांगा. पण कानानं सांगा. तुमी कानानं याचं दुखणं पकडलं तर मी मशीनचं नाव काढणार नाही. नाही पकडलं तर सोमवारी मुकाट्यानं नागपूर."

"मंजूर," काका म्हणाले. आणि दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साक्षीदार आहे, पंच आहे आणि मढंही माझंच आहे.

पहिल्या दिवशी काकांनी पेचकस नळीला लावला, हात वर केला, डोळे मिटले. बाहेर रस्त्यावर एक ऑटो थांबून राहिला, एवढा त्या हाताचा दरारा. "हवा धरली," काका म्हणाले. मग मोठ्या पाइपलाइनीत हवा कशी अडकते, चढावर पाणी कसं अडतं, त्यासाठी व्हॉल्व्ह कसा ठेवतात हे सगळं त्यांनी सांगितलं. मी भारावलो, कारण मोबाइलवरही मी हेच पाहिलं होतं. हवा पंपात शिरली की हे मशीन तापतं, खरंच. मग आम्ही दोघांनी कॅबिनेट उचललं आणि तान्ह्या पोराला झोपवावं तसं या कुशीवरून त्या कुशीवर हलवलं. काका "सोड, सोड, बाहेर ये" असं हवेला म्हणत होते. मशीन लावलं. नवरी निघाली. अर्ध्यात काळोख.

दुसऱ्या दिवशी ते मागच्या दारातूनच बोलत आले. रात्रभर त्यांनी विचार केला होता. हवा नव्हे, पंपच अडकलाय. त्यांनी पेचकस थेट पंपाच्या डबड्यावर टेकवला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "बंद आहे. काहीच नाही. मेलेला पंप आहे हा."

"मी पाहू का काका?" मी विचारलं. त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. आजवर कोणाला दिला नव्हता.

मी मूठ कानाला लावली आणि आत पितळी लोट्यात माशी अडकावी तसा एकसुरी, स्वच्छ गुंऽऽ असा आवाज आला. पंप चालू होता. नुसता चालू नव्हता, गात होता. पेचकस बाजूला केला तरी जरासा ऐकू येत होता. मी डोळे उघडले. काका माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

आता माझ्या चेहऱ्याचं काय सांगू. शाळेत मास्तर 'कोणी केलं?' असं विचारायचे तेव्हा बाकीची पोरं खाली पाहायची आणि मास्तर माझ्याकडे. कधीकधी तर मी केलेलंही नसायचं. त्या चेहऱ्याने मी म्हणालो, "हो काका. अडकल्यासारखाच वाटते."

"हं," काका म्हणाले. आणि माझ्या दुकानात आले तेव्हापासून पहिल्यांदा स्टुलावर बसले. मला आपलं वाटलं, ऊन लागलं असेल.

ठरलं असं की दुसऱ्या दिवशी काकू खाली येणार, त्यांच्यासमोर काका निदान सांगणार आणि मी खातरी करणार. काका वर गेल्यावर मी विचार करत बसलो. माझ्या विचार करत बसण्याचा आजवर कोणाला फायदा झालेला नाही, मारेगावच्या नवरीला तर नाहीच. पण त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पंप चालू आहे, काका म्हणतात बंद आहे. मग अडचण काय? पंप बंद करायचा. पंपाची वायर असते केवढी, उदबत्तीच्या काडीएवढी. मी ती उपसून मागे खोचून ठेवली. काकांचं बोलणं खरं होणार, काकू हरणार, कानामागे यंत्र येणार नाही आणि काकांच्या नजरेतून मी कधी उतरणार नाही. वर जाणाऱ्या जिन्याकडे पाहून मी हातसुद्धा जोडले.

काकू हात पुसत पुसत आल्या. काकांनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता. मी मशीन लावलं, नवरीला रवाना केलं. काकांनी पेचकस पंपावर टेकवला, मूठ कानाला लावली, हात वर केला. मी डोळ्यांनी, भुवयांनी, नाकानेसुद्धा त्यांना 'बंद, बंद' म्हणत होतो. पण त्यांनी डोळे मिटलेले.

"पंप चालू आहे," काका म्हणाले. "मस्त चालून राह्यला. काल मले जरा शंका आलती. पण नाही. पंपात दोष नाही."

मी हातातला चहाचा कप बशीत जरा जोरातच ठेवला. तो आवाज मात्र काकूंना ऐकू आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन त्या डबड्यावर तळहात ठेवला. पाण्याची मोटर, मिक्सर, शिलाई मशीन अशा कितीतरी वस्तूंवर आयुष्यभर ठेवलेला हात तो.

"चालू कसा आहे? मोटर चालू असली का हाताले समजते. हे तर मुकं आहे, बाप्पा."

त्यांनी काकांचा हात धरून त्यावर ठेवला. काकांनी तो तिथेच राहू दिला. तेवढ्यात मशीन बंद पडलं. नेहमीपेक्षा लवकरच, कारण पाणी जागच्या जागी उभं होतं. काकांनी मशीनकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात या महिन्यात चतुर्थी कधी आहे ते शोधायला लागलो.

"सोमवारी किती वाजताची गाडी आहे म्हणलं तू?" काकांनी काकूंना विचारलं. काकूंनी सांगितलं. त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

दोन दिवस काका गल्लीत दिसले नाहीत. वरून त्यांच्या चालण्याचा आवाज येई, छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी वायर परत जोडली होती, पण मशीन उघडायची इच्छा होत नव्हती. सोमवारी सकाळी मात्र दोघांना बॅग घेऊन ऑटोत बसताना पाहिलं आणि मला त्या मशीनचा एवढा राग आला की मी सगळे स्क्रू काढले, पंपाचं डबडं प्रोसेसरवरून उचकटलं आणि उलटं करून पाहिलं.

आता आमच्या घराण्याची एक रीत सांगणं भाग आहे. आम्ही नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाही. आमच्या वडिलांच्या स्कूटरच्या सीटवरचं प्लास्टिक स्कूटर भंगारात जाईपर्यंत होतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत, फ्रिजच्या दारावरची फिल्म फ्रिजपेक्षा जुनी दिसते, आणि माझ्या लग्नातल्या सुटकेसचं कव्हर अजून शाबूत आहे, सुटकेस नाही. वस्तू जपावी ती अशी. तर पंपाच्या खाली तांब्याची चकचकीत चकती असते, ती प्रोसेसरला चिकटून त्याची आग ओढून घेते. त्या चकतीवर पातळ प्लास्टिक होतं, त्यावर लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं. मी समजलो, कंपनीचं नाव असेल. मी ते काढलं तर नाहीच, उलट एका कडेला बुडबुडा राहिला होता तो अंगठ्याने दाबून नीट बसवला. मग वर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली आणि ठोकून दिलं.

पाणी चांगलं होतं, पंप चांगला होता, पंखे चांगले होते. प्रोसेसर आपला प्लास्टिकखाली जळत होता आणि दोन सुताच्या अंतरावर पाणी गारेगार, रिकामटेकडं फिरत होतं.

मी ते प्लास्टिक सोललं, नवी पेस्ट लावली, मशीन सुरू केलं. नवरी निघाली. चालत गेली, थांबली, लाजली आणि तिने नवरदेवाच्या गळ्यात हार घातला. आकडा निम्म्यावरच रेंगाळत होता. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. आणि त्या वाजवता वाजवता मला कळलं की या बिघाडाला आवाजच नव्हता. पेचकस काय, डॉक्टरची नळी लावली असती तरी तो कोणत्याही कानाला सापडला नसता. शर्तच खोटी होती.

मी पायात चप्पल आहे की नाही न पाहता गाडी काढली आणि बसस्टँड गाठलं. नागपूरची गाडी उशिरा, नुकतीच लागलेली होती. काकू खिडकीशी बसल्या होत्या, शेजारच्या जागेवर रुमाल टाकलेला. काका अर्थात खाली, गाडीच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मला एकच गोष्ट करायची होती, काकूंना न कळता काकांच्या कानात सगळं सांगायचं.

"काका, मी वायर काढली होती," मी हळूच म्हणालो.

"काय?"

"वायर. पंपाची."

"बरोब्बर," काका म्हणाले.

शेजारची पुसदची गाडी हॉर्न वाजवत मागे येत होती. कंडक्टर ओरडत होता. मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या नकळत पोटातून आवाज निघाला. पंप पहिल्या दिवसापासून चालू होता, तुमचं खरं व्हावं म्हणून मी त्याची वायर काढून ठेवली, दोष पंपात नव्हताच, मीच प्लास्टिक काढलं नव्हतं, त्याला आवाज नसतो, शर्त रद्द. एवढं सगळं मी एका दमात, शेंगदाणेवाल्यापासून चौकशीच्या खिडकीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. गाडीतल्या लोकांनी खिडक्यांतून डोकी काढली. त्यात एक डोकं काकूंचं.

काका चालायचे थांबले होते.

"म्हणजे मी बंद म्हणलो तवा चालू होता."

मी मान हलवली.

"आन् चालू म्हणलो तवा बंद."

मी पुन्हा मान हलवली. काका हसायला लागले. पोट धरून हसले, डोळे पुसले, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून एकदम हळू आवाजात बोलले. त्यांना स्वतःचा आवाज किती लहान झालाय हे कळत नसावं.

"मले दोन्ही वेळा काहीच आयकू आलं नाही, बाबू. पहिल्या वेळी आलं नाही म्हणून बंद म्हणलो. मंग तुह्या तोंडावरून समजलं का चालू आहे. म्हणून दुसऱ्या वेळी चालू म्हणलो. दोन-तीन सालापासून मी असाच चालून राह्यलो, लोकायच्या तोंडाकडे पाहून." त्यांनी खिडकीतल्या काकूंकडे पाहिलं. "पोरगी फोनवर रडत होती म्हणतात. तिचं तोंड दिसत नव्हतं ना."

यावर काहीही बोलायचं तर ओरडून बोलावं लागलं असतं.

काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, शर्त रद्द झाली म्हणते हा. मी उतरू का खाली?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणते थे?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा दंड धरला. "ओरडू नको. मशीन घेऊन येतो. मंग सांगजो, हळूहळू." आणि ते गाडीत चढले, रुमाल उचलला आणि बसले. कळंबच्या वळणापर्यंत गाडी गेली असेल, तोवर मी तिथेच उभा होतो. पायात चप्पल नव्हती हे तेव्हा चटके बसले म्हणून कळलं.

काका परत आले ते कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र घेऊन. तुम्हाला वाटेल आता सगळं छान झालं. काही नाही. त्यांना चैन म्हणून पडेना. पोळी मोडताना एवढी वाजते काय, पेपर एवढा कडकडतो काय, स्वतःच्या चपला एवढ्या फटफटतात आणि आजवर कोणी सांगितलं नाही, म्हणून ते सगळ्यांवर चिडायचे. यंत्र काढून खिशात टाकायचे, चार पावलांवर परत लावायचे. माझ्या दारातूनच म्हणाले, "तुहं हे डबडं भल्लंच वाजते गा. काम कसा करते याच्यापाशी?" मग अर्थातच गेल्या दोन-तीन सालांत लोक काय काय म्हणाले होते ते विचारत फिरले. आणि एक विलक्षण गोष्ट झाली. आम्ही 'पण काका' म्हणालो की ते थांबायला लागले. मान तिरकी करून, आम्ही पुढे काय बोलतो याची वाट पाहायला लागले. आमची फार पंचाईत झाली. 'पण काका'च्या पुढे बोलायचं आमच्यापैकी कोणीच काही ठरवलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मुलीने दोघांनाही नागपूरला नेलं. वर आता कुलूप असतं. नळ कधीही फुटतो आणि कोणीही कुठेही खोदतं.

ते जाण्याआधीची एक संध्याकाळ मला राहून राहून दिसते. मी एका लग्नाचं काम लावून बसलो होतो. समोर जिन्याच्या खालच्या पायरीवर काकू अंबाडी निवडत होत्या, आणि काका त्यांच्या शेजारी, चक्क बसलेले. काकूंचा आवाज आमच्या गल्लीला नवा नव्हता. आज वर काय शिजलं, कोणाला काय द्यायचं, काका कोणती गोळी विसरले, हे सगळं आम्हाला त्यांच्याच तोंडून रस्त्याच्या पलीकडे कळायचं, इतकं मोठ्याने त्यांना बोलावं लागे. त्या संध्याकाळी त्या भाजीकडे पाहत काहीतरी बोलल्या. काका त्यांच्याकडे झुकले, ऐकलं आणि हसले. मग तेही काहीतरी बोलले, तेवढ्याच बारीक आवाजात. काकूंनी अंबाडीचं देठ त्यांच्या मनगटावर मारलं.

माझ्याबद्दलच असणार, मला खातरी होती. मी काम अर्धवट टाकून मशीन बंद केलं. मग छताचा पंखा बंद केला. खिडकीशी जाऊन कान गजांना लावला. काका बोलत होते, काकू मान हलवत होत्या, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.